महसीरची शिकार आणि होडीतला दुसरा माणूस



कामगार चळवळीतल्या माणसाने मासेमारीवर का बोलावे, असे कोणाच्या मनात येईल. उत्तर साधे आहे. ज्या धंद्यात एकाचे कष्ट दुसऱ्याच्या नावावर मांडले जातात, तो धंदा आमच्या चळवळीचा विषय होतो, मग तो गिरणीत चालो की अरण्यातल्या नदीवर.

आपल्या कयाधूवर किंवा पैनगंगेवर भोई जाळे टाकतो तो पोटासाठी. आज ज्याचा इतिहास सांगायचा, तो प्रकार वेगळा. दूर रानात जायचे, तेथला माहीतगार वाटाड्या घ्यायचा, गळ टाकायचा आणि मोठ्या माशाशी झुंज खेळायची, असा हा शौक आहे. हिंदुस्थानात या शौकाचा राजा म्हणजे महसीर. हा रोहूच्याच कुळातला, पण खडकाळ डोहांत आणि ओढीच्या पाण्यात वाढणारा. गळाला लागला की प्रवाहाबरोबर असा धावतो की, दोर धरणाऱ्याचे हात भरून येतात.

या माशाच्या इतिहासाचे एक पान मराठी मुलखात आहे. मुंबई सरकारने कर्नल साइक्स या अधिकाऱ्याकडे दख्खनच्या पाहणीचे काम दिले होते. पुण्याजवळ मुळा-मुठेच्या पाण्यात सापडलेल्या महसीरचे त्याने १८३९ साली शास्त्रीय वर्णन केले आणि नाव दिले 'खुद्री'. हा शब्द त्याने इथल्याच लोकांच्या तोंडून उचलला. शास्त्राच्या ग्रंथात शब्द राहिला. सांगणारा मात्र राहिला नाही.

पुढे १८७३ साली मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले. तेव्हापासून हा शौक साहेबलोकांत रुजला. त्यातून काही चांगलेही निघाले, हे मान्य केले पाहिजे. नद्यांतले मासे कसे उजाड होत आहेत याची चर्चा त्याच पिढीने केली आणि १८९७ च्या कायद्याने पाण्यात सुरुंग उडवणे व विष कालवणे हा गुन्हा ठरला. १९४८ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने मॅक्डोनल्डचे महसीरवरील पुस्तक काढले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९४६ साली, म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा, महसीर धरला होता.

अशा विक्रमांच्या यादीत रकाने असतात ते वजनाचे, नदीचे, सालाचे आणि गळ धरणाऱ्याच्या नावाचे. होडीतल्या दुसऱ्या माणसासाठी रकाना नसतो. आता त्याचे काम पाहा. कावेरीवर हा वाटाडी नाचणीचे पीठ मळतो, उकडतो, त्याचा घट्ट गोळा गळाला लावतो. कोणत्या डोहात पाणी किती उतरले की मासा कोठे येतो, ते त्याला ठाऊक. वेताची गोल, टोपलीसारखी नाव खडकांमधून तो वल्हवतो. दोर खडकात अडकला तर पाण्यात उतरून सोडवतो. आमच्या भाषेत सांगायचे तर काम त्याचे आणि हजेरीपटावर नाव पाहुण्याचे!

स्वातंत्र्यानंतर या शौकाला नवे वळण मिळाले. कर्नाटकात सरकारच्या जंगल लॉजेस कंपनीने कावेरीकाठी भीमेश्वरी, दोड्डमकळी, गालीबोरे येथे छावण्या चालवल्या. देशोदेशीचे शौकीन येत. मासा धरायचा, तोलायचा आणि जिवंत सोडून द्यायचा, असा तेथला दंडक. ज्यांनी पूर्वी चोरून मासे मारले होते, त्यांतलेही काही पगारी वाटाडे झाले आणि नदीची राखण करू लागले. पण हा पट्टा अभयारण्यातला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तेथे शिकार वर्ज्य आहे आणि गळाने धरून सोडणे हीसुद्धा शिकारच, असा अर्थ लावला गेला. २०१२ च्या सुमारास छावण्यांतले गळ थांबले. करमणुकीसाठी मुक्या जिवाला का छळावे, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु या निर्णयाने ज्याची रोजी जाणार, त्याचे मत कोणत्या टेबलावर घेतले जाते?

आता या कथेचा खरा बोचरा भाग. आपल्या लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांचे धरण आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी ही तळी बांधली गेली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली. पुढे त्याच वळवणला टाटांनी महसीरचे पैदास केंद्र काढले. हेतू उत्तम होता. दख्खनी खुद्रीची लाखो पिल्ले तेथे वाढली आणि देशातल्या अनेक पाण्यांत सोडली गेली. ती कावेरीतही गेली.

गालीबोरेच्या छावणीत रोजच्या नोंदवह्या होत्या. १९९८ ते २०१२ या काळातल्या ६ हजारांहून अधिक माशांच्या आणि २३ हजारांहून अधिक तासांच्या या नोंदी संशोधकांनी तपासल्या. एकूण मासे वाढलेले दिसले. पण वाढला तो बाहेरून आलेला निळसर परांचा महसीर. कावेरीचा मूळचा कुबडा महसीर, ज्याच्यावर जुने विक्रम उभे आहेत, त्याची नवी पिढीच दिसेनाशी झाली होती. त्याचे शास्त्रीय नावसुद्धा, टॉर रेमादेवी, २०१८ साली नक्की झाले. आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला.

एकूण उत्पादन वाढले म्हणजे सगळ्यांचे भले झाले, हा हिशेब आम्ही गिरण्यांत पुष्कळदा ऐकला आहे. बेरीज वाढते आणि तिच्या आत कायम कामगार घटून बदली वाढलेला असतो. नदीचेही तेच झाले. ही गोष्ट उघड झाली ती छावणीतल्या साध्या वह्यांमुळे, आणि त्या वह्यांतला प्रत्येक मासा वाटाड्याच्या हातून गेलेला होता.

महाडजवळ वाळण कोंड नावाचा डोह आहे. तेथे काळ नदीतल्या महसीरांना वरदायिनीचे मासे मानून कोणी धरीत नाही. साहेबाचे पुस्तक नाही, सरकारी फलक नाही. काठच्या लोकांनी राखले म्हणून ते राहिले. सगळ्या नद्यांवर देवी बसवता येणार नाही, हे मलाही कळते. पण काठच्या माणसाला विचारल्यावाचून नदीत नवा मासा सोडू नये आणि त्याला विचारल्यावाचून त्याचे काम बंद करू नये, एवढे तर करता येईल. गेल्या दीडशे वर्षांच्या यादीत जो रकाना राहून गेला, तो आता तरी आखला पाहिजे, आणि त्यात होडीतल्या दुसऱ्या माणसाचे नाव त्याच्या मजुरीसह लिहिले पाहिजे.