गोरबोलीला लिपी नाही, म्हणजे नेमकं काय नाही?

रामनवमीला पोहरादेवीत (ता. मानोरा, जि. वाशिम) संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटकातून बंजारा भाविक येतात. आपसात बोलणं गोरबोलीतच, दुभाषा लागत नाही. पण हेच बोलणं कागदावर आलं की अडचण होते. इकडे ते देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत आणि कर्नाटकात कन्नड लिपीत.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे ‘गोरबोलीला लिपी नाही’. संशोधनात हे वाक्य जपून वापरा. स्वतःची वेगळी लिपी नसणं म्हणजे भाषा अपुरी असणं नव्हे. इंग्रजीही रोमन लिपीतच लिहितात, तिला कोणी बोली म्हणत नाही.

आता लिपींचे प्रकार बघू. रोमनमध्ये स्वर आणि व्यंजन दोघांना स्वतंत्र अक्षर असतं. अरबीत मुख्यतः व्यंजनं लिहितात, ऱ्हस्व स्वर वाचकानं ओळखायचे. जपानी कानात साधारणपणे एका उच्चारखंडाला एक चिन्ह. चिनी चिन्हात उच्चाराबरोबर अर्थही बांधलेला असतो. आपल्या ‘क’मध्ये ‘अ’ आधीच असतो, मात्रा लावली की तो बदलतो. या प्रकाराला पीटर डॅनियल्स यांनी 1990 मध्ये ‘अबुगिडा’ हे नाव दिलं.

देवनागरी, तेलुगू, कन्नड या तिन्ही लिपी अबुगिडा आहेत, तिन्हींचं मूळ ब्राह्मी. मग फरक कुठे पडतो? ‘सेवालाल’ हाच शब्द घ्या. मराठी वाचक शेवटच्या ‘ल’मधला ‘अ’ आपोआप गाळतो. तेलुगूत तो गाळत नाहीत, म्हणून तिथे ‘ल’चा पाय मोडावा लागतो. शिवाय तेलुगू-कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ यांची चिन्हं वेगळी आहेत, मराठीत एकच मात्रा. म्हणजे प्रकार एकच असला तरी लेखनाचे नियम वेगळे. वर्गीकरण पाठ केलं की परीक्षेत गुण मिळतात, पण संशोधनाचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो.

तीन लिपी आल्या कशा? बंजारा समाज बैलांवर धान्य आणि मीठ लादून दूरवर नेत असे, त्याला लदेणी म्हणत. रेल्वे आली, लदेणी मोडली, तांडे स्थिरावले. 1956 पर्यंत नांदेड, गुलबर्गा, महबूबनगर हे जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते तीन राज्यांत गेले. तांड्यातली मुलं ज्या भाषेच्या शाळेत गेली, तीच लिपी त्यांच्या हाताला लागली. गोरबोलीची लिपी अशी शाळेनं आणि राज्याच्या सीमेनं ठरवली.

संथाळीचंही असंच होतं. ती बंगाली, ओडिया, देवनागरी, रोमन अशा लिपींत लिहिली जायची. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी 1925 च्या सुमारास तिच्यासाठी ‘ओल चिकी’ तयार केली. पण नवी लिपी केली की ती शिकवावी लागते आणि आधी छापलेलं पुन्हा छापावं लागतं. गोरबोलीपुढेही हीच निवड आहे.

तुमच्यापैकी कोणी तांड्यावर गाणी नोंदवायला गेलात तर आवाजाची फाइल जपाच. वहीच्या पहिल्या पानावर लेखनाचे नियमही लिहा: कुठला ‘अ’ उच्चारला, कुठला गाळला. नाहीतर ज्या आजीनं गाणं सांगितलं, तिच्या तेलंगणातल्या नातेवाइकांना ते नीट वाचता येणार नाही, आणि पन्नास वर्षांनी आपल्यालाही नाही.