इनामगावची मातीची घरे

उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी ओसरले म्हणजे इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवचे मंदिर उघडे पडते. वडीलधारी माणसे बोट दाखवून सांगतात, "आपले घर तिकडे होते." पण सांगणारेच कोणी उरले नाही, तर घराची हकिकत कळावी कशी? हे काम उत्खननशास्त्र करते.

भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी ही या कार्यातील प्रमुख नावे होत. तेथे ना राजवाडा सापडला, ना खजिना. सापडली ती शंभराहून अधिक साधी घरे. लाकडी खांब केव्हाच कुजून गेले होते. परंतु जमिनीत त्यांचे खड्डे राहिले होते. त्या खड्ड्यांच्या रांगांवरून घराचा आकार कळला. चुली, रांजण, धान्याची पेवे आणि सातूचे जळके दाणे यांवरून संसार कळला.

इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास येथे वस्ती झाली. प्रारंभीची घरे प्रशस्त व चौकोनी होती; कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर. पुढे गावकऱ्यांनी पाण्यासाठी पाटही खोदला. मात्र इ. स. पूर्व १००० नंतरच्या थरांत चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. शेती खालावून शेळ्यामेंढ्या व शिकार यांवर भिस्त वाढते. पाऊस कमी होत गेला, हे त्याचे कारण असावे, असे संशोधकांनी अनुमान काढले. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडले.

विद्यार्थी मित्रहो, १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या बारामती-इंदापूरच्या घरांना ही कथा परकी वाटणार नाही. गाव केवळ लढाईनेच उठते असे नाही. पाणी आटले तरी उठते. आज कालव्याचे पाणी शेतात खेळत असताना हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

आणि पालकांना एक विनंती. इतिहास म्हणजे केवळ बादशहांच्या सनावळ्या नव्हेत. गरिबाची चूल हासुद्धा इतिहासाचा पुरावा आहे. घरातील वृद्धांना जुन्या घराविषयी विचारून मुलांनी ते वहीत लिहून ठेवावे. तेवढ्यासाठी कुदळ लागत नाही.