जिप्समची भिंत भार कशी पेलू लागली?

बेंगळुरूतील नव्या फ्लॅटमध्ये वर पाहिलेत तर पीओपीचे फॉल्स सीलिंग दिसते. त्यामुळे जिप्सम म्हणजे फक्त सजावट, असा समज होतो. त्याला कारणही आहे. पीओपी घट्ट होण्यासाठी वजनाच्या सुमारे 19 टक्के पाणी पुरते. पण ते नीट कालवायला 60 टक्क्यांहून अधिक लागते. जादा पाणी उडून गेले की छिद्रे उरतात आणि ताकद घटते. शिवाय ताण आला की पीओपी तडकते आणि ओल लागली की मऊ पडते.

जुने गवंडी म्हणूनच त्यात जनावरांचे केस मिसळत. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात केसांची जागा काचतंतूंनी घेतली आणि ‘रॅपिडवॉल’ हे पोकळ पॅनेल तयार झाले. भारतात त्याला जीएफआरजी म्हणतात.

आपल्याकडे प्रश्न कचऱ्याचाही होता. एक टन फॉस्फरिक आम्ल बनवताना सुमारे पाच टन फॉस्फोजिप्सम उरते. मुंबईत ट्रॉम्बे येथे आरसीएफने आणि पुढे कोचीतही त्यापासून ही पॅनेल बनवण्याचे कारखाने उभे राहिले. आयआयटी मद्रासने तयार केलेली आराखड्याची नियमपुस्तिका बीएमटीपीसीने 2012 मध्ये प्रसिद्ध केली. पॅनेलची जाडी 124 मिमी. रिकामे असताना ते मीटरमागे सुमारे 160 किलोन्यूटन भार पेलते; पोकळ्यांत काँक्रीट भरल्यावर सुमारे 1,310.

एवढे लक्षात ठेवा : सुपरप्लास्टिसायझर पाणी कमी करतो, तंतू ताण घेतात, जलरोधक ओल अडवतो. आधी दोष ओळखा, मगच मिश्रक निवडा.