दाताखालचे हाड

दात हलू लागला की घरातील वडील मंडळी "आता वय झाले" एवढे म्हणून विषय संपवितात. केस पिकावेत, दृष्टी मंदावी, तसेच दातही पडावेत, हा देहधर्मच आहे अशी ही समजूत. आमच्या लहानपणी आम्हीही ती निमूटपणे मानली होती. परंतु ह्या समजुतीला मोठा इतिहास आहे, आणि ती चुकीची आहे हे पुराव्यानिशी सिद्ध होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. तो इतिहास आज श्रोत्यांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम दात जबड्यात बसलेला असतो कसा, ते पाहू. भिंतीत खुंटी ठोकावी तसा तो ठोकलेला नसतो. जबड्याच्या हाडात त्याच्या मुळांसाठी खोबणी असतात, आणि मूळ व खोबणीची भिंत ह्यांच्या दरम्यान असंख्य सूक्ष्म तंतू ताणलेले असतात. सुतळीने विणलेल्या बाजेवर माणूस निजावा तसा दात ह्या तंतूंवर तोललेला असतो. आपण हरभरा चावतो तेव्हा तो भार तंतू झेलतात आणि हाडाकडे पोचवितात. हिरडी हे वरचे आच्छादन. म्हणजे दाताचा खरा आधार डोळ्यांना दिसतच नाही, आणि पुढचा सारा घोटाळा झाला तो बव्हंशी ह्यामुळेच.

आपल्या सुश्रुतसंहितेत दंतमूलाचे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांतील 'दंतवेष्ट' ह्या रोगात हिरड्यांतून पू व रक्त वाहते आणि दात हलू लागतात. निरीक्षण इतके नेमके आहे की आजच्या दंतवैद्यालाही रोग लगेच ओळखू यावा. कारण मात्र दूषित रक्त हे मानले गेले. रोगाचे मूळ शरीराच्या आतील बिघाडात आहे ही कल्पना युरोपातही शतकानुशतके चालत आली, तेव्हा सुश्रुताला एकट्यालाच बोल लावण्याचे कारण नाही.

इ. स. १६८३ मध्ये डेल्फ्ट येथील लेवेनहूक नावाच्या कापडविक्याने स्वतःच्या दातांवरचा पांढुरका थर खरवडून आपल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने तसे पत्रही लिहिले. कुतूहलाने ते वाचले गेले, पण त्या जिवांचा रोगाशी संबंध जोडण्यास आणखी दोनशे वर्षे जावी लागली. पॅरिसच्या पिएर फोशारने १७२८ च्या आपल्या ग्रंथात कीटण काढून टाकण्यावर भर दिला, त्यासाठीची हत्यारेही वर्णिली. नंतर लंडनचा शस्त्रवैद्य जॉन हंटर ह्याने १७७१ च्या ग्रंथात एक महत्त्वाची गोष्ट नोंदविली. दातांच्या खोबणींचे हाड दातांसाठीच असते. दात आले की ते वाढते, दात गेले की ते झिजून नाहीसे होते. हे वाक्य श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता ज्याच्यासाठी हा सारा प्रपंच केला त्या गृहस्थाकडे येऊ. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड नावाचे शहर आहे. तेथे जॉन रिग्ज हा दंतवैद्य होता. इतिहासात त्याचे नाव येते ते दुसऱ्याच कारणाने. ११ डिसेंबर १८४४ रोजी होरेस वेल्सने स्वतः नायट्रस ऑक्साइड हुंगून आपली दाढ काढवून घेतली आणि वेदनाहीन शस्त्रक्रियेच्या इतिहासातील एक पहिले पाऊल पडले. त्या दिवशी हातात चिमटा धरणारा तो रिग्ज. कीर्ती वेल्सची झाली. ती त्याला सुखाची झाली नाही, ही गोष्ट वेगळी.

रिग्जचे स्वतःचे कार्य निराळे आहे. हिरड्या पुवाळून दात ढिले होण्याचा रोग त्याने वर्षानुवर्षे पाहिला. त्या काळी फोफावलेली हिरडी कापून काढण्याची रीत होती. रिग्जने ती नाकारली. त्याचे म्हणणे असे की रोगाचे कारण दाताच्या पृष्ठभागावर, हिरडीखाली साचलेल्या कीटणात आहे. तेथे हत्यार घालून मूळ स्वच्छ खरवडा, म्हणजे हिरडी पुन्हा चिकटेल आणि दात राहील. १८७६ मध्ये त्याचा निबंध छापला गेला. त्याच्या शीर्षकातच हिरड्यांच्या जोडीने खोबणीच्या हाडाच्या झिजेचा उल्लेख होता. पुढे अमेरिकेत ह्या विकाराला 'रिग्जचा रोग' असेच म्हणू लागले. आपल्याकडे रूढ झालेला 'पायोरिया' हा शब्द मात्र नुसत्या पुवाचा. आमच्या मते ह्या नावाने नुकसानच केले, कारण लोक पू शोधीत बसले आणि हाड विसरले.

ते हाड जाते कसे? जंतूंचा थर दात व हिरडी ह्यांच्या सांध्यात साचला की हिरडी लाल होते, सुजते, घासताना रक्त येते. येथवर हाड शाबूत असते आणि सर्व काही मागे फिरू शकते. थर तसाच राहिला तर पुष्कळांच्या बाबतीत हिरडी दातापासून सुटते व तेथे एक कप्पा तयार होतो. त्या कप्प्यात ब्रश पोचत नाही. शरीर जंतूंशी झुंजू लागते, आणि ह्या झुंजीत हाडाचा बळी जातो. जंतू हाड कुरतडतात असे पुष्कळांस वाटते, पण ते करणाऱ्या पेशी आपल्याच असतात. क्योलिकर ह्या शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये त्यांना हाडभंजक अशा अर्थाचे नाव दिले. एरवी जुने हाड मोडून नव्याला जागा करून देणे हे त्यांचे काम. सुजेमुळे त्यांना वारंवार हुकूम सुटतात आणि मोडतोड बांधणीच्या पुढे जाते. हे हुकूम देणारे रसायन विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सापडले. शत्रू जवळ आला म्हणून सैन्याने चौकी सोडून मागे हटावे, तसे हाड मुळाच्या टोकाकडे हटत जाते. बहुधा ठणका नसतो. दात हलतो तेव्हा अर्धीअधिक तटबंदी गेलेली असते.

१८९० मध्ये बर्लिनच्या मिलरने तोंडातील जंतूंवर मोठा ग्रंथ लिहिला, १८९६ मध्ये वाल्खॉफने जबड्याचे क्ष-किरण चित्र घेतले. आता रिग्जचा मार्ग प्रशस्त व्हावा, तर झाले उलटे. १९१० मध्ये लंडनचे वैद्य विल्यम हंटर (वरील जॉन हंटरच्या भावाचेही हेच नाव, म्हणून घोटाळा नको) ह्यांनी माँट्रियल येथील व्याख्यानात तोंडातील पू हा अनेक रोगांचा उगम असल्याचे सांगितले. त्यात तथ्यांश होता, पण अनुयायांनी त्याचा पंथ केला. संधिवात असो की पंडुरोग, दात उपटा! न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन ह्यांनी वेड बरे करण्यासाठी रुग्णांचे दात काढले. वेड गेले नाही, दात मात्र गेले. आणि जॉन हंटरने नोंदविल्याप्रमाणे दातांमागोमाग हाडही गेले. हाडाचा रोग टाळण्यासाठी हाडच घालविणारा हा उपाय १९४० च्या सुमारास मागे पडला.

१९६५ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हॅराल्ड लो व त्यांचे सहकारी ह्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे थांबविले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणे सुरू होताच पूर्ववत झाल्या. लेवेनहूकचा थर आणि रिग्जचे मत ह्यांची गाठ येथे पडली. पुढे ह्याच लोंनी श्रीलंकेतील चहामळ्यांवरच्या ४८० मजुरांची १९७० पासून पंधरा वर्षे पाहणी केली. हे लोक ब्रश वापरीत नव्हते, दंतवैद्य त्यांना ठाऊक नव्हता. कीटण व सूज सर्वांना होती. तरीही शेकडा ८ जणांचा आधार झपाट्याने गेला, ८१ जणांचा बेताने, आणि ११ जणांचा रोग हिरडीच्या पुढे सरकलाच नाही. झपाट्याच्या गटातील माणसे पंचेचाळिशीपर्यंत दंतहीन झाली. ह्या आकड्यांचे मोल फार आहे, पण ज्या मजुरांच्या तोंडातून ते मिळाले त्यांचे दात गेले, हे वाचताना मन खट्टू होते.

ह्यावरून दिसते की थर हे कारण असले तरी हाड किती जाईल हे ज्याच्या त्याच्या शरीरप्रकृतीवरही अवलंबून असते. मधुमेह आटोक्यात नसेल तर हाड लवकर जाते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून त्यास आपण ठीक आहो असे वाटते, आणि आत झीज चालूच असते. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या आयाबहिणी ती दातांच्या भल्यासाठी म्हणून लावतात. त्यात तंबाखूच असते.

गेलेले हाड सरसकट परत येत नाही. एखाद्या दाताशेजारी अरुंद, खोल खळगा पडला असेल तर पडदा वा हाडाचा चुरा घालून काही भरपाई करता येते, एवढेच. उरलेले राखण्यासाठी आजही रिग्जचाच मार्ग आहे, मुळापर्यंत खरवडणे. आणि त्याआधी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई दाताभोवती सहा ठिकाणी घालून कप्प्याची खोली मोजतात. तीनपर्यंत आकडा आला तर सहसा काळजी नसते. चार, पाच, सहा येऊ लागले की दंतवैद्य क्ष-किरणाचे चित्र मागवितो, आणि दात अजून हललेलाही नसतो.