नदीतील शिंगाळ्यासाठी फांदीचा गळ
शिंगाळा रात्री मिशांच्या आणि वासाच्या आधारे भक्ष्य शोधतो. त्यामुळे गळ संध्याकाळी लावा.

- फांदी : डोहावर झुकलेली, ओली, लवचिक फांदी निवडा. माशाच्या हिसक्याला ती वाकते, म्हणून दोरी तुटत नाही. वाळकी फांदी मोडते आणि मासा गळासह जातो.
- आमिष : गांडूळ, लहान मासे किंवा कोंबडीची आतडी.
- तपासणी : लावलेले गळ मोजून ठेवा. पहाटे तेवढेच काढून आणा. विसरलेल्या गळाला कासवे अडकून मरतात.
- काळजी : पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे काटे टोचतात, मासा जाड फडक्यात धरा.
- विश्रांती : पावसाळ्यात मासे अंडी घालतात. तेव्हा गळ लावू नका. पुढच्या हंगामाचा मासा त्यातूनच येतो.