दुःखाचा अंदाज आणि मजुरीची वही

१६५९ साली अफजलखानाच्या वधानंतर लढणाऱ्यांना काय मिळाले, याची नोंद सभासदाच्या बखरीत आहे. मेलेल्याच्या मुलाला चाकरी, मुलगा नसेल तर बायकोला निम्मे वेतन आणि जखमींना जखमेच्या मानाने पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम. जखमीला देताना त्याचा पगार पाहिलेला नाही, जखम पाहिली आहे. अर्थात ही फौजेच्या पटावर नाव असलेल्यांची गोष्ट. गावकी करताना ज्याचा पाय मोडला त्या महाराचे नाव कोणत्या पटावर होते? त्याला बलुते होते, वेतन नव्हते. ज्याला वेतनच नाही त्याचे नुकसान कशाने मोजायचे? कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने रद्द केली. मुंबई राज्यात त्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. वतने गेली, पण हा प्रश्न आजच्या कोर्टातही ठाण मांडून बसला आहे.

इंग्रजांनी १८५५ साली प्राणांतिक अपघातांचा कायदा केला. वारसांना भरपाई मिळे ती कमावता माणूस गेला म्हणून. मरणाऱ्याने जे सोसले त्याचा हक्क त्याच्याबरोबर सरणावर गेला. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने जिवंत कामगाराचे शरीर टक्क्यांत मांडले. अंगठा ३०, तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७. इचलकरंजीच्या मागावर किंवा उद्यमनगरच्या फौंड्रीत बोट गेले की हा टक्का, मजुरी आणि वयाचा गुणक यांवरून रक्कम निघे. हा कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. हिशेब चोख आहे, यात शंका नाही. पण त्यात कमाईची कुवत आहे, कळ नाही. रात्र-रात्र ठणकणाऱ्या हाताला त्या कोष्टकात रकाना नाही.

वेदनेला रकाना मिळाला तो मोटार अपघातांच्या कायद्यात, १९९४ च्या दुरुस्तीने. गंभीर दुखापतीच्या वेदनेबद्दल ५,००० रुपये, किरकोळ दुखापतीबद्दल १,०००. हे कलम वर्षाला ४० हजारांपर्यंत मिळकत असणाऱ्यांसाठीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले. चालकाची चूक सिद्ध करण्याची कटकट गरिबामागे नको म्हणून केलेली ती सोय होती, हे मान्य. परंतु सोयीची किंमत पाहा: गरिबाच्या वेदनेचा भाव छापील झाला. चूक सिद्ध करून ज्याला पुढे जाता येई, त्याच्या वेदनेचा विचार न्यायाधीश मोकळेपणाने करीत. चोवीस वर्षे हे पाच हजार पाच हजारच राहिले. २०१८ मध्ये तक्ता बदलला तेव्हा वेदनेचा वेगळा रकानाच उरला नाही. पुढे ते कलमही गेले.

मोकळेपणाने विचार म्हणजे तरी काय? पैशात दाखवता येणारे नुकसान वेगळे आणि न दाखवता येणारे वेगळे, ही विभागणी सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या एका निकालात नीट मांडली. २०१० च्या दुसऱ्या निकालात म्हटले की तोच हात गेला तरी सुताराचे किंवा ड्रायव्हरचे नुकसान वेगळे आणि सरकारी कारकुनाचे वेगळे. हे कमाईपुरते झाले. वेदनेसाठी न्यायाधीश पाहतात ती जखम किती खोल, शस्त्रक्रिया किती, दवाखान्यात दिवस किती, कायमचे व्यंग किती. म्हणजे अंदाज, पण कागदावरचा अंदाज.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. रोजंदारीवरचा माणूस दवाखान्यात पडून राहू शकत नाही. खाट परवडत नाही, घरी चूल पेटत नाही, म्हणून तो टाके ओले असतानाच सही करून बाहेर पडतो. डिस्चार्ज कार्डावर चार दिवस लागतात. पुढे तीन महिने तो हाडवैद्याकडे पाय बांधून घेतो, त्याची पावती नसते. जो जास्त दिवस पडून राहू शकला त्याचे दुःख फायलीत जाड दिसते. जो लंगडत कामावर गेला त्याचे दुःख बारीक. सोसण्याची सवयच त्याच्याविरुद्ध साक्ष देते!

ऊसतोडीत हे आणखी उघडे पडते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, मुकादमाच्या वहीत नाव त्याचे. ट्रॉली उलटून बाईचा हात चिरडला तर तिची मजुरी किती, हे सांगणारा कागदच नाही. अर्धा कोयता धरायचा की घरकाम? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हमालाच्या दाव्यात, मजुराकडे मिळकतीचा कागद मागू नये आणि त्याने सांगितलेला महिना ४,५०० हा आकडा वाजवी असल्याने धरावा, असे म्हटले. निकाल चांगला आहे. तो तालुक्याच्या वकिलापर्यंत किती पोचला, हा प्रश्न निराळा.

मजुरी न पाहता सोसणे मोजणारा एक तक्ता मात्र आपल्याकडे आहे, आणि त्याचा उगम मोटारीत नाही, जातीत आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत, अखाद्य वस्तू जबरदस्तीने खायला लावल्यास २५ हजार किंवा अपमानाच्या मानाने अधिक, अशी तरतूद आली. २०१६ मध्ये ती एक लाख झाली. तिथे मजुरी विचारत नाहीत. तरीही खून झालेला कमावता असेल तर दोन लाख आणि नसेल तर एक लाख, असा भेद त्याच १९९५ च्या तक्त्यात होता. २०१६ मध्ये तो गेला आणि सरसकट सव्वाआठ लाख झाले. या रकमेला शासन भरपाई म्हणत नाही, मदत म्हणते. शब्द साधा वाटतो, पण भरपाई देणी असते आणि मदत उपकार. गटारात उतरून मेलेल्यांसाठी २०१४ मध्ये दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख ठरले, तेव्हा न्यायालयाने भरपाईच म्हटले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. सहा जिल्ह्यांतल्या अपिलांसाठी मुंबईचे हेलपाटे वाचले. पण अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत. खालच्या न्यायाधिकरणापुढे जे आले तेच वर जाते. हाडवैद्याला साक्षीला बोलावता येते. त्याच टोळीतली दुसरी बाई साक्ष देऊ शकते की ही रोज किती मोळ्या बांधायची, आणि आता हिला हंडाही उचलत नाही.