निवृत्तीनंतर औषधांचा खर्च कोण देणार? चाकणच्या कामगारांसाठी माहिती

चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी या पट्ट्यात उमेदीची वर्षे घालवलेले अनेक कामगार आता निवृत्तीला आले आहेत. साठीनंतर मोठ्या ऑपरेशनची वेळ एखाद्यावरच येते, पण बीपी, शुगर, दमा, थायरॉईड यांच्या गोळ्या दर महिन्याला लागतात. घराचे बजेट कोलमडते ते या गोळ्यांमुळे. म्हणून कोणत्याही योजनेबद्दल पहिला प्रश्न हा विचारावा: दवाखान्यात दाखल न होता औषध मिळते का?

ईएसआय : वर्षाला १२० रुपये

१० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत (दिव्यांगांसाठी २५ हजार) वेतन असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. किमान ५ वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पती किंवा पत्नीसाठी वैद्यकीय लाभ पुढे चालू ठेवता येतो. यात बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधेही येतात. कामावरील अपघाताने कायमचे अपंगत्व येऊन नोकरी सुटलेल्यांनाही याच रकमेत निवृत्तीच्या वयापर्यंत हा लाभ मिळतो.

पगार वाढून मर्यादेबाहेर गेलेल्यांसाठी महामंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सवलतीचा निर्णय घेतला. १ एप्रिल २०१२ नंतर किमान ५ वर्षे विमा असलेले आणि १ एप्रिल २०१७ रोजी किंवा नंतर ३० हजारांपर्यंतच्या वेतनावर निवृत्त झालेले त्यात बसतात.

या पट्ट्यासाठी ईएसआयचे रुग्णालय चिंचवडला मोहननगर येथे आहे. लिहून दिलेले औषध दवाखान्यात शिल्लक नसेल तर रिकाम्या हाती परतू नका. बाहेरून घेतल्यास खर्चाची भरपाई कशी मिळेल ते तिथेच विचारा. चिठ्ठी आणि पक्के बिल जपून ठेवा.

ठेकेदारी कामगारांनो, लक्ष द्या

ठेकेदार बदलला तरी विमा क्रमांक एकच राहिला पाहिजे. प्रत्येक ठेकेदाराने नवा क्रमांक काढला तर ५ वर्षे सिद्ध करताना दमछाक होते. जुना क्रमांक नव्या ठिकाणी सांगा आणि पगारपत्रके फेकू नका. ठेकेदाराने वर्गणी बुडवली तरी ती भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

इतर योजना : काय मिळते, काय नाही

• आयुष्मान वय वंदना कार्ड : ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. ईएसआय असलेलेही पात्र आहेत. मात्र हे दाखल रुग्णांसाठी आहे. घरी परतल्यावर १५ दिवसांपर्यंतची औषधे त्यात येतात, महिन्याच्या गोळ्या येत नाहीत.

• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : हीसुद्धा मुख्यतः दाखल रुग्णांसाठीच.

• निरामय : स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची १ लाखापर्यंतची विमा योजना. वयाची अट नाही. ठरावीक मर्यादेत बाह्यरुग्ण उपचार आणि औषधेही मिळतात. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका.

• सरकारी दवाखाने : १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत उपचार मोफत आहेत. कोणताही विमा नसलेल्यांनी बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी आधी इथे जावे.

• जनऔषधी केंद्र : हा विमा नाही, पण ब्रँडेड औषधांपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगा.

हा हक्क आहे, उपकार नाही

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्यावर कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला, १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. आज चाकणच्या कामगाराच्या पगारातून दरमहा कापली जाणारी रक्कम याच योजनेत जाते.

ज्याने आयुष्यभर वर्गणी भरली, त्याने म्हातारपणी औषधासाठी हात का पसरावा? निवृत्तीला वर्ष राहिले असतानाच विमा क्रमांक, भरलेल्या वर्गणीची नोंद, आधार आणि बँक खात्यावरील नाव जुळते का ते तपासा. नावातली एका अक्षराची चूक नोकरीत असताना दुरुस्त करून घेणे सोपे असते. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी आईवडिलांचे हे कागद आजच एका फाईलमध्ये लावावेत.